बदनापुरात कोरियाची लढाई

रविवार, ३ ऑगस्ट

सात माणसं. त्यातला एक पंख्याखाली झोपायला आलेला आणि एक मी. म्हणजे पाचच.

जानेवारीत चित्रपट मंडळ सुरू केलं तेव्हा वाचनालयाच्या हॉलमध्ये एकतीस जण होते. मग एकोणीस, मग अकरा. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोरियाचा एक युद्धपट दाखवतो, आधी दहा मिनिटं प्रास्ताविक करतो आणि नंतर चर्चा ठेवतो. आज चर्चेत एकच प्रश्न आला, की पुढच्या वेळी गाणी असलेला लावणार का.

छत्तीस वर्षं इथल्या कृषी संशोधन केंद्राचं ग्रंथालय सांभाळलं. तुरीच्या वाणांवरचे अहवाल मागायलासुद्धा याहून जास्त माणसं यायची.

बाहेर पडताना वाचनालयाचे अध्यक्ष राधेश्यामजी भेटले. कापसाच्या जिनिंगचा व्यवसाय आहे, माणूस वाईट नाही, पण बोलतात सरळ. "मुकुंदराव, पोरं अभ्यासिका मागून राह्यले. सतरा सप्टेंबरचा मुक्तिदिनाचा कार्यक्रम तुमच्याकडंच देतो. हॉल भरला तर मंडळ चालू. न्हाई भरला तर खुर्च्या काढून टेबलं टाकू. आन् तुमच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती त्याच दिवशी काढू."

म्हणजे दीड महिन्यात दीडशे माणसं. घरी येऊन रजनीला सांगितलं. ती मोबाइलवर तिची कोरियन मालिका बघत होती. डोळे न काढता म्हणाली, "लोकांना खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. तुम्ही दाखवता कुणाला?"

मंगळवार, ५ ऑगस्ट

तिचं बरोबर आहे, याचाच जास्त राग येतो. मला हा नादही तिनेच लावला. लॉकडाउनमध्ये ती रात्रंदिवस त्या मालिका बघायची आणि मी नाक मुरडायचो. एकदा चुकून युद्धपट लागला. तेव्हापासून आजवर एकशे बेचाळीस झाले, चार वह्या भरल्या.

का भरल्या, ते एकदा नीट लिहून ठेवतो, कारण चर्चेत कुणी विचारत नाही. त्यांच्याकडेही आधी आपल्यासारखेच सिनेमे होते. लष्कराचं राज्य होतं तोवर उत्तरेचा शिपाई म्हणजे राक्षस, आपला म्हणजे देव. मग ते राज्य गेलं, आणि हळूहळू या लोकांनी कॅमेरा स्वतःकडे वळवला. जपानी राजवटीत आपल्यातलं कोण फितूर झालं, लढाईत आपल्या फौजेने आपल्याच गावांचं काय केलं, नंतर आपल्याच सरकारने पोरांवर गोळ्या कशा झाडल्या. हे सगळं थेटरात, तिकीट काढून, बायकापोरांसह बघतात. त्याला धाडस लागतं. आपल्याकडे ते नाही. आपल्याला इतिहास म्हटलं की हार घालायला फोटो लागतो.

हे वाक्य प्रास्ताविकात घालायचं.

रजनीने तोडगा सुचवला: अंगदला बोलवा. अंगद शहागडचा, हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान आहे, आणि शंकरपटात बैलांच्या शर्यतीला तो माइकवर असतो. सिनेमा चालू असताना त्याने मराठीत सांगत जायचं. मी म्हटलं, युद्धपटाला बैलांचा निवेदक? ती म्हणाली, त्याचा आवाज ऐकायला माणसं बारा कोस येतात, तुमचा ऐकायला पाच आली.

रविवार, १० ऑगस्ट

उषाबाईंचा निरोप आला म्हणून गेलो. उषाबाई म्हणजे माझ्या मूळ गावच्या, गोदाकाठच्या. आता त्र्याऐंशी वर्षांच्या, इथे मागच्या गल्लीत नातवाकडे राहतात. लिहिता-वाचता येत नाही, पण माझी पुस्तिका घरात आहे. "आपला तालुका, आपला मुक्तिलढा", पानं अठ्ठेचाळीस, दोन वर्षांपूर्वी अमृतमहोत्सवात मी लिहिली. त्यात त्यांना त्यांच्या वडलांचं, कचरूचं, नाव हवं आहे. दोन वर्षं मागे लागल्या आहेत. तेही त्या अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरातच मारले गेले.

मी दर वेळी समजावतो: कागद लागतो, सरकारी नोंद लागते, दोन साक्षीदार लागतात. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "मुकुंदा, ते पान तेवीस वाच बरं."

पान तेवीस आमच्या नानांवर आहे. नाना गावचे मास्तर, सीमेवरच्या कॅम्पात होते, निजामाविरुद्ध काम केलं, पुढे ताम्रपट मिळाला. तो आमच्या बैठकीत टांगलेला आहे. मी वाचतो. "हैदराबाद मुक्त झाल्यावर ते गावी परतले व गावात शांतता राखण्यासाठी अहोरात्र झटले." इथपर्यंत आलो की त्या हात वर करतात, पुरे म्हणून. नानांबद्दल त्यांना एवढा आदर आहे हे पाहून बरं वाटतं.

पण एक गोष्ट खटकते. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी तांब्याभर पाणी देतात, मग बोलतात. या बाईने मला एकदाही पाणी विचारलेलं नाही. आजही भर उन्हात तासभर बसून कोरड्या घशाने उठलो. रजनीला म्हटलं, वयोमानाने रीतभात विसरतं माणूस. ती म्हणाली, "मी गेले की आधी पाणी, मग चहा. तुमचंच काहीतरी असेल."

गुरुवार, १४ ऑगस्ट

अंगदची पहिली तालीम. पंचेचाळिशीचा, गळ्यात गमछा, हाताला रबराच्या सोल्युशनचा वास. मी बासष्ट पानांचं निवेदन लिहून ठेवलं होतं. त्याने पहिलं पान वाचलं आणि खाली ठेवलं.

"सर, हे 'आक्रमक साम्यवादी सैन्य' माझ्या तोंडात बसंना."

"मग काय म्हणशील?"

"आले म्हनीन. नुस्तं 'आले' म्हनलं की लोकायला बराबर कळतं."

आम्ही सिनेमा निवडलाय तो असा. नदीकाठचं गाव, कडाक्याचा हिवाळा. दक्षिणेची, म्हणजे गावाची स्वतःची, फौज मुक्कामाला येते. त्यातला एक कोवळा शिपाई एका म्हातारीच्या दारात जाऊन पाणी मागतो, तिला आजी म्हणतो. फौज पुढे जाते आणि उत्तरेची येते. म्हातारी त्यांनाही भात घालते, न घालून सांगते कुणाला. दोन आठवड्यांनी आपली फौज परत येते. गावाने शत्रूला जेवू घातलं म्हणून सगळ्या गावाला शाळेच्या पटांगणात उभं करते आणि गोळ्या घालते. तो शिपाईही त्या रांगेत असतो.

सगळा सिनेमा त्या एका गोष्टीवर उभा आहे: मारणारे परके नाहीत. मी अंगदला तीनदा सांगितलं. तो मान हलवत होता आणि मोबाइलवर टायरचा भाव विचारत होता.

शनिवार, २३ ऑगस्ट

काल पोळा झाला, आज राधेश्यामजींकडे बैठक. दुसऱ्या आवृत्तीत काय बदल, असं विचारलं. मी उषाबाईंच्या वडलांचा विषय काढला, खरं तर तो एकदाचा मिटावा म्हणून.

राधेश्यामजींनी पाच मिनिटांत मिटवला. "त्यात काय एवढं? लिहा, रझाकारांच्या हल्ल्यात हुतात्मा. म्हातारी खुश, आपल्या यादीत एक नाव वाढलं. कार्यक्रमात तिला शाल देऊ."

मी म्हणालो, तारीख जुळत नाही. सतरा तारखेला रझाकार संपले, हा माणूस त्यानंतर आठवड्याने गेला. ते म्हणाले, "मुकुंदराव, तारीख कोन बघून राह्यलंय?"

ग्रंथपाल म्हणून मला हे पटायला नको होतं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

रविवार, २४ ऑगस्ट

आनंदाची बातमी म्हणून सांगायला गेलो. नातसून शिवकन्या ओसरीत शेंगा निवडत होती, उषाबाई बाजेवर. पाणी नाही. सांगितलं, नाव येतंय, शालही मिळेल, रझाकारांच्या हल्ल्यात असं लिहू.

"रझाकारायनं न्हाई मारलं त्याला."

मी म्हटलं, लिहायची एक पद्धत असते.

"असंल. पर त्यायनं न्हाई मारलं." मग आपणहून बोलल्या, दोन वर्षांत पहिल्यांदाच. "मागच्या घरात मुसलमान पिंजारी होता, कापूस पिंजायचा, त्याची बायको आन् दोन पोरी. माझ्यासंग खेळायच्या. मान्सं आली तवा बापानं त्यायला कडब्याच्या गंजीत लपवलं. मी सहा वर्साची. दारात आलेल्यायनं पाणी मागितलं, आईनं तांब्या भरून देल्ता. पाणी पिऊन झालं. मंग एका टोपीवाल्यानं गंजीकडं बोट केलं. बाप गंजीपुढून हलला न्हाई."

शिवकन्येचे हात थांबले होते. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"टोपीवाला म्हणजे?" असं विचारणार होतो. पण त्या दिवसांत टोप्या सगळेच घालायचे. मी म्हणालो, मग नाव घालणं अवघड आहे. त्या म्हणाल्या, "पान तेवीस वाच." मला घाई होती, निघालो.

इतक्या हट्टी बाईचं काय करावं? घासभर चांगलं पुढे आणून ठेवलं तर तेही नको.

रविवार, ३१ ऑगस्ट

भाषणाचा मसुदा पुरा झाला. "कोरियन चित्रपट आणि राष्ट्राची कबुली." कबुली हा शब्द चांगला सापडला. मुद्दा असा, की त्यांच्या सिनेमात युद्ध हे सीमेवर नसतंच, ते घरात असतं. एक भाऊ इकडे, एक तिकडे. बाप मुलाला काही सांगत नाही आणि मुलगा विचारत नाही. अर्धे सिनेमे म्हातारा माणूस आजारी पडतो आणि जुनं काहीतरी सांगतो इथूनच सुरू होतात.

हे लिहिताना नानांची आठवण आली. शहाऐंशी साली घाटीच्या सरकारी दवाखान्यात ॲडमिट होते, शेवटचे चार दिवस. तेव्हा त्यांनीही काही सांगितलं होतं. पण तापात होते. तो विषय वेगळा.

रजनीला मसुदा वाचून दाखवला. ती म्हणाली, छान आहे. मग म्हणाली, "तुमचं यातलं काय आहे?" मी म्हटलं, सगळंच माझं आहे, कुठून उतरवलेलं नाही. तिने मोबाइल परत हातात घेतला. बायकांना विश्लेषण कळत नाही, मालिका कळतात.

(हे वाक्य खोडायला हवं. तिने वाचलं तर जेवायला मिळणार नाही.)

मंगळवार, ९ सप्टेंबर

पाचवी तालीम. डोकं धरून बसलोय. अंगदने कोरियन नावं सोडून दिली आहेत, एकाला धाकला म्हणतो, एकाला मुका, सेनापतीला पाटील. तेही चालवून घेतलं. पण अडचण पुढेच आहे. बर्फात सगळेच शिपाई सारखे दिसतात.

"सर, आपले कोनते यातले?"

"टोप्या बघ. लोखंडी टोपी म्हणजे दक्षिण."

"बर्फानं समद्याच्या टोप्या पांढऱ्याच होऊन राह्यल्या की."

मग मी वैतागलो. म्हटलं, अरे, एवढं कळत नाही? मारणारे आपलेच आहेत, हेच तर सांगायचंय.

त्याने गमछ्याने तोंड पुसलं. "सर, पटात मी कधी म्हनत न्हाई की अमक्याची जोडी पडली. माझ्यासमोर मालक बसलेला असतो. सतरा तारखेला झेंडा लावलेल्या हॉलमदी म्हनू का मी, आपल्यायनंच मारलं म्हनून?"

मी म्हणालो, कागदावर लिहिलंय तसं वाच.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज नानांची तिथी. सकाळी तर्पण केलं, तीन ओंजळी पाणी नानांच्या नावाने सोडलं. गुरुजी घाईत होते, त्यांना आज चार घरं आहेत.

दुपारी पुस्तिकेचे गठ्ठे आले. तीनशे प्रती. कचरूचं नाव घातलं नाही, म्हणजे खोटंही घातलं नाही. त्यातल्या त्यात तेवढं समाधान. पान तेवीस आहे तसंच आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

सत्यानाश.

आधी हॉल भरला ते लिहितो. दोनशेच्या वर माणसं, दारात उभी, खिडक्यांत पोरं. सगळी अंगदच्या नावावर आली होती. राधेश्यामजींनी पुस्तिकेचं प्रकाशन केलं. उषाबाई शिवकन्येचा हात धरून आल्या, पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली. सिनेमा सुरू झाला आणि अंगद खरंच रंगला. म्हातारीच्या दारात शिपाई आला तेव्हा त्याने आवाज असा खाली आणला की मागची माणसं पुढे वाकली. "आजे, पाणी दे गं. लई लांबून आलो." मी स्वतः लिहिलेलं वाक्य मलाच नवीन वाटलं.

मग पंख्याने त्याची पानं उडाली. दोघं-तिघं गोळा करायला वाकले, पानांचा क्रम गेला. पडद्यावर फौज परत गावात शिरत होती. सगळा हॉल त्याच्याकडे बघतोय. आणि अंगदने पट सुरू झाल्यासारखा आवाज लावला: "आले हो आले! रझाकार आले! निष्पाप गावावर तुटून पडले हो रझाकार!"

टाळ्या पडल्या. कोरियातल्या बर्फात रझाकार आले म्हणून बदनापुरात टाळ्या पडल्या, राधेश्यामजीही वाजवत होते. मी माझ्या जागेवरून हातवारे करत होतो, कुणी बघेना. एकशे बेचाळीस सिनेमे पाहून, चार वह्या भरून मी हे दाखवायला निघालो होतो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता, पण टाळ्या थांबल्या होत्या म्हणून सगळ्यांना ऐकू गेला.

"न्हाई. आपलेच हायेत ते."

उषाबाई उभ्या होत्या. अंगद माइकवरच म्हणाला, "आजे, कशावरून गं?"

"त्या पोरानं मघाशी म्हातारीच्या दारात पाणी मागून पेलं न्हं? तोच हाय तो, कडंला उभा. म्हातारी बघ, समदे पळून राह्यले, ती उभी हाय. वळखीचा हाय म्हनून उभी हाय ती. परक्याला बघून मान्सं पळतेत. आपल्याला बघून उभी राह्यतेत."

पडद्यावर गोळ्या सुटल्या. अंगदने माइक खाली केला आणि पुढे शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही. पाऊण तास निवेदनाशिवाय, कोरियन भाषेत, सिनेमा चालला. एकही माणूस उठला नाही. दिवे लागल्यावर मी भाषणाला उभा राहिलो, तर लोक माझ्या बाजूने बघतच नव्हते. दोन-तीन म्हातारी माणसं उषाबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन नुसती उभी होती. बाकीचे मुकाट बाहेर गेले.

माझं भाषण राहिलं. "राष्ट्राची कबुली" खिशातच राहिली.

गुरुवार, १८ सप्टेंबर

राधेश्यामजींचा फोन. "मुक्तिदिनाला हे असलं दाखवतेत का? आपलेच म्हंजे काय? कोन आपले? मला सकाळपासून दहा फोन येऊन गेले." मंडळ बंद, सोमवारपासून टेबलं लागणार.

मी म्हणालो, हॉल भरला होता, ठरल्याप्रमाणे. ते म्हणाले, भरला होता म्हनूनच बंद.

अंगदचा राग आला, पंख्याचा आला आणि लिहायला लाज वाटते, पण उषाबाईंचाही आला. म्हातारीला अक्षर येत नाही, तिने एका सिनेमात जे ओळखलं त्यासाठी मला बासष्ट पानं लागली आणि तरी मी ते लोकांना सांगू शकलो नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

अंगद आला. माइकचे पैसे नकोत म्हणाला. चहा घेतला, बसून राहिला, गमछा दोन्ही हातांत पिळत.

"सर, चुकलं माझं. पर मी मुद्दाम न्हाई केलं. तोंडातून तेच निघालं. लहानपणापसून तेच ऐकत आलोत न्हं. कुनी मारलं म्हनलं की तेच नाव येतं."

मी म्हटलं, असू दे.

"ती आजी तुमच्याच गावची न्हं? मंग तिच्या बापाला मारनारे कोन होते ते तुमाला म्हाईत असंल."

रजनी कप उचलायला आली होती. ती थांबली. मला म्हणता आलं असतं, की नोंद नाही, साक्षीदार नाहीत. ते सगळं तोंडात तयार होतं. मी ताम्रपटाकडे बघितलं आणि मग कपाकडे. अंगद माणूस चांगला आहे, त्याने पुन्हा विचारलं नाही. नमस्कार करून गेला.

तो गेल्यावर रजनी म्हणाली, "घाटीत त्या दिवशी मी डबा घेऊन आले होते. दारातच उभी होते. मीही ऐकलंय." इतकी वर्षं. मला वाटत होतं ते फक्त मलाच माहीत आहे.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तरी बसून होतो. रागाची माझी यादी मोठी आहे: राधेश्यामजी, प्रेक्षक, अभ्यासिकेची पोरं, अंगद, पंखा. या सगळ्यांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. ज्याच्यावर लिहायला हवं होतं त्याच्यावर एक ओळही नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

छापून झालेल्या पुस्तकात चूक सापडली की ग्रंथपालाला एकच काम येतं. शुद्धिपत्र छापायचं आणि प्रत्येक प्रतीत त्या पानावर डिंकाने चिकटवायचं. छत्तीस वर्षं ते केलं, एकदा हरभऱ्याच्या वाणाचा आकडा चुकला म्हणून चारशे प्रतींत. आज हे लिहिलं. नऊ वेळा फाडलं.

"शुद्धिपत्र. पान २३, ओळ ९. 'गावात शांतता राखण्यासाठी अहोरात्र झटले' हे वाक्य चुकीचे आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे. सप्टेंबर १९४८ च्या अखेरीस आसपासच्या गावांतला आणि आपल्या गावचाही जमाव रझाकारांचा सूड उगवायला पिंजारी कुटुंबाला शोधत आला. शेतकरी कचरू यांनी त्या चौघांना आपल्या कडब्याच्या गंजीत लपवले होते. ती जागा जमावाला गावच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दाखवली. आपण बोट केले नाही, फक्त नजर गेली, असे त्यांनी मला मृत्यूपूर्वी सांगितले. कचरू यांच्या मुलीने बोट पाहिले. कचरू गंजीसमोरून हटले नाहीत. त्यांना आपल्याच माणसांनी मारले. पिंजारी कुटुंबातले कुणी वाचले नाही. लेखकाला हे १९८६ पासून माहीत होते."

रजनीने वाचलं आणि डिंकाची बाटली आणून टेबलावर ठेवली. मी म्हटलं, आधी एका माणसाला वाचून दाखवतो.

रविवार, २८ सप्टेंबर

चार दिवस पावसाने घराबाहेर पडू दिलं नाही. शहागडला गोदेचं पाणी वर आलंय, अंगदचं दुकान दोन दिवस बंद होतं. मला ते निमित्त बरंच झालं, हे कबूल करतो. आज पाऊस उघडला तसा उषाबाईंकडे गेलो.

त्या बाजेवरच होत्या. कार्यक्रमातली शाल उशाला घडी करून ठेवलेली. शिवकन्येने खुर्ची दिली. मी म्हणालो, पान तेवीस वाचायला आलोय.

"वाच."

मी नवीन वाचलं. "माझ्या वडिलांनी" हे शब्दही वाचले. नजर आणि बोट, दोन्ही वाचलं. शेवटची शहाऐंशी सालची ओळसुद्धा. कागद खाली ठेवला. शिवकन्या उंबऱ्यात बसली होती.

उषाबाई म्हणाल्या, "परत वाच."

परत वाचलं. या वेळी त्यांनी हात वर केला नाही.

"हे समद्या बुकात लावनार?"

"तीनशे प्रतींत. आजपासून चिकटवायला घेतो."

"राधेश्याम लावू देईल?"

"पुस्तिका माझी आहे. प्रती माझ्या घरात आहेत."

"तुझ्या बापाचं ते पितळंचं काय?"

"तांब्याचं आहे. भिंतीवरून काढलं. कुठे ठेवायचं ते अजून कळत नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं, खूप वेळ, लहान पोराची ओळख पटवावी तसं. मी मान खाली घातली. मला वाटलं आता त्या काही बोलतील, कदाचित नानांबद्दल, आणि जे बोलतील ते ऐकून घ्यायचं असं ठरवूनच आलो होतो. पण त्या नातसुनेकडे वळल्या.

"शिवकन्या, अगं मुकुंदा मघापसून येऊन बसलाय. त्याला पाणी आन."

तिने तांब्या भरून आणला. मी सगळा प्यायलो.